खिडकी म्हणते, ठीक आहे

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या नोकरीबद्दल लिहा, फक्त कॉम्प्युटरचं फार येऊ देऊ नका." मी सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात तीस वर्षं कॉम्प्युटरच सांभाळले. आचाऱ्याला आठवणी लिहायला सांगून स्वयंपाक वगळायला लावावा, तसं हे झालं. तरी प्रयत्न करते.

या तीस वर्षांत मी कामात एकदाच खोटं बोलले. तेही तोंडाने नाही, चाळीस ओळींचा प्रोग्राम लिहून. तो सात महिने चालला आणि सगळ्यांना फार आवडला. त्याच्यापायी गंगव्वा नावाची बाई मरणाच्या दारात जाऊन आली. ही गोष्ट कळायची तर सर्व्हर म्हणजे काय ते कळायला हवं, म्हणून तेवढं आधी सांगून टाकते.

वॉर्डात नर्ससमोर जो कॉम्प्युटर दिसतो ते नुसतं तोंड. पोट दुसरीकडे असतं. आमचं पोट तळमजल्यावर, एक्स-रे विभागाच्या मागच्या खोलीत होतं. तिथे चार मोठी यंत्रं होती: नोंदणी, प्रयोगशाळा, औषधं आणि अतिदक्षता. रक्ताचा रिपोर्ट लॅबमधून निघून डॉक्टरांना दिसतो तो या यंत्रांमधून. ही यंत्रं बंद पडली की वरचे शंभर कॉम्प्युटर नुसते उजेड पाडतात. यंत्रांना उष्णता सोसत नाही, त्यामुळे खोली कायम थंडगार. मे महिन्यात अख्ख्या इमारतीत ती एकच जागा माणसाच्या राहण्यालायक असायची, आणि वर्षभर तळमजल्यावर न फिरकणाऱ्या साहेब लोकांना त्याच महिन्यात सर्व्हरची काळजी वाटायची.

त्या खोलीत सिद्रामप्पा बसत. हुद्दा अटेंडंट. गाव अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात कन्नड, बाहेर मराठी. एसी बघायचा, बॅटऱ्या बघायच्या आणि फोन उचलायचा, हे त्यांचं काम. फोनवर दिवसभर एकच प्रश्न: सर्व्हर चालू आहे का? सिद्रामप्पा रिसीव्हर टेबलावर ठेवत, उठून जात, यंत्राच्या पाठीवर तळहात ठेवून क्षणभर उभे राहत आणि परत येऊन सांगत, "चालतंय की." मी नवी होते तेव्हा मला याचं हसू यायचं. पुढे लक्षात आलं की दहातल्या आठ वेळा ते बरोबर असत. यंत्र कामात असलं की पाठ गरम लागते आणि आतल्या पंख्याचा आवाज बदलतो. माझ्याकडची महागडी साधनंही याहून फार वेगळं काही करत नव्हती.

पण फोन वाढत गेले. एका सोमवारी सिद्रामप्पा म्हणाले, "मॅडम, आज येवड्या बारी उटलो की गुडघं बोलाय लागलं." म्हणून मी खिडकी केली.

खिडकी म्हणजे एक पान. कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडायचं, यंत्राचं नाव टाकायचं, उत्तर मिळतं. मागे एक छोटा प्रोग्राम दर पाच मिनिटांनी चारही यंत्रांना विचारत असतो, "आहेस का?" ते म्हणतात, "आहे." पहिल्या महिन्यातच कळलं की एवढं विचारून भागत नाही. ऑफिसात डुलक्या घेणारा माणूसही हाक मारली की "हं" म्हणतो. म्हणून दुसरा प्रश्न घातला, "शेवटचा रिपोर्ट कधी पाठवलास?" याचं उत्तर झोपेत देता येत नाही. दोन्ही उत्तरं नीट आली तरच खिडकी म्हणायची, "ठीक आहे." या धंद्यातलं सगळं ज्ञान त्या दुसऱ्या प्रश्नात आहे. बाकी तारा आणि धूळ.

खिडकी लोकांना इतकी पटली की मागण्या सुरू झाल्या. कॅन्टीनवाल्याला तिथे लिफ्ट हवी होती. एका ज्येष्ठ सर्जननी मला बाजूला घेऊन विचारलं, की अमुक डॉक्टर जागेवर आहेत की नाहीत हे खिडकीत दाखवता येईल का. मी म्हटलं, येईल, पण त्यांना दर पाच मिनिटांनी उत्तर द्यावं लागेल. ते म्हणाले, मग राहू दे, नाहीतर ते डॉक्टर म्हणतील, यांचंही नाव टाका.

साहेबांनी, म्हणजे आमच्या मेडिकल सुपरिंटेंडेंटनी, कौतुक म्हणून खिडकीसाठी एक मोठा पडदा घेतला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये लावला. तिथून अतिदक्षता विभागाच्या नर्सेसना दिसायचा, समोरच्या वॉर्डाला दिसायचा आणि मधल्या बाकांवर बसलेल्या नातेवाइकांनाही दिसायचा. या तिसऱ्या गोष्टीचा विचार कुणी केला नाही.

मी खिडकीला तीन उत्तरं शिकवली होती. ठीक आहे, मंद आहे, आणि तिसरं मूळ इंग्रजी शब्दाचं मी स्वतः केलेलं शुद्ध मराठी भाषांतर. एका दुपारी पडद्यावर आलं:

अतिदक्षता : मृत.

मी वर पोचले तेव्हा दोन बायका भिंतीला टेकून रडत होत्या. होटगीचे एक म्हातारे गृहस्थ, रेल्वेतून निवृत्त झालेले, शांतपणे माझ्याकडे आले. त्यांचा भाऊ आत होता. म्हणाले, "बाई, बॉडी किती वाजता मिळंल? होटगीला गाडी सांगाय लागंल." त्यांचा भाऊ त्या वेळी आत पेजेत मीठ नाही म्हणून नर्सशी भांडत होता. दार उघडून तो आवाज ऐकवल्यावर म्हातारे बाकावर बसले आणि मग त्यांना रडू आलं.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. मी म्हटलं, शब्द बदलते, "बंद" लिहिते. साहेब म्हणाले, अतिदक्षता बंद, हे तरी कुणी वाचावं? लाल रंग नको, असं एक जण म्हणाला. मग आमच्या मेट्रनबाई बोलल्या. त्या वेळापूरच्या सूनबाई. "आमचे सासरे गेले तेव्हा मला काय फोन आला माहितीये? तब्येत जरा नरम आहे, निघून या. असा फोन आला की काय समजायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण माणूस निदान एसटीत तरी बसतो. वाईट बातमी अशी भिंतीवर लावत नाहीत. कुणीतरी जाऊन, बसून, पाणी देऊन सांगतं."

सगळ्यांना हे एकदम पटलं. मलाही पटलं, कारण खरंच आपल्याकडे तसंच करतात. ठरलं ते असं: यंत्राने उत्तर दिलं नाही तर पडद्यावर शेवटचं चांगलं उत्तर तसंच राहू द्यायचं. त्याच वेळी प्रोग्रामने तळमजल्यावरच्या मशीन रूममधला फोन वाजवायचा. सिद्रामप्पांनी तो घ्यायचा, वर जायचं आणि त्या त्या विभागाला समक्ष सांगायचं.

मी हरकत घ्यायला हवी होती. घेतली नाही. उलट एका दुपारात प्रोग्राम लिहिला आणि तो इतका सुबक उतरला की मी स्वतःवर खूश होते. पहिल्या मजल्यावर माझ्या टेबलावरही तीच खिडकी होती. स्वतःसाठी खरी खिडकी वेगळी ठेवावी, हे सुचायला काही फार अक्कल लागत नव्हती. पण सिद्रामप्पा सांगतीलच, असं धरून मी चालले.

आणि सात महिने ते सांगत राहिले. त्यांची पद्धत ठरलेली. वॉर्डात जायचं, सिस्टरला विचारायचं, "जेवलासा का?" मग म्हणायचं, "येक सांगायचं व्हतं. घाबरायचं काम न्हाई." इथे सगळे घाबरायचे. मग ते म्हणायचे, "लॅबचं यंत्र जरा दम खाया लागलंय. रिपोर्ट कागदावर मागवा." कुणी चिडायचं नाही. पडदा बघून नातेवाईक म्हणायचे, या हॉस्पिटलात सगळं कसं कायम ठीक असतं.

गंगव्वा सिद्रामप्पांची बायको. दोन्ही मूत्रपिंडं अधू. आमच्याकडेच आठवड्यातून दोनदा डायलिसिसला यायची आणि येताना मला कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणायची. त्यातलं तिला स्वतःला पथ्यामुळे काहीच चालत नव्हतं. तब्येत विचारली की सगळं सविस्तर सांगायची, कुठे दुखतं, कधीपासून, किती. नवऱ्याला तेच विचारलं तर तो म्हणायचा, "छलो अद." म्हणजे बरं आहे. ताप असला तरी छलोच असायचं.

एकदा भाच्याच्या लग्नासाठी तिने एक डायलिसिस बुडवलं. परत आली ती गळून. दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात घेतली आणि सकाळी दहाला रक्त तपासायला गेलं. भीती पोटॅशियमची होती. ते वाढलं की हृदय आधी गोंधळतं आणि मग थांबतं. आकडा आला की डॉक्टर लगेच उपाय करणार होते. सिद्रामप्पा माझ्याकडे येऊन म्हणाले, "मॅडम, आजच्या दिस वर बसू का?" मी म्हटलं, "बसा की, खाली काही लागलं तर मी आहे." त्या खोलीतल्या फोनचा विचार माझ्या मनात आला नाही.

दहा चाळीसला प्रयोगशाळेच्या यंत्राने रिपोर्ट पाठवणं थांबवलं. "आहेस का?" म्हटलं तर ते "आहे" म्हणत होतं, दुसऱ्या प्रश्नाला गप्प होतं. खिडकीने शिकवल्याप्रमाणे केलं. पडद्यावर "प्रयोगशाळा : ठीक आहे" ठेवलं आणि तळमजल्यावर फोन वाजवला. रिकाम्या खोलीत तो दर पाच मिनिटांनी वाजत राहिला.

अकराच्या सुमाराला लॅबमधल्या श्रीनिवासला तो आकडा दिसला. फार वर होता. अशा आकड्याला वॉर्डात फोन करायचा नियम आहे, आणि त्याने केलाही. वॉर्डाचा फोन व्यस्त होता. त्याने खिडकी बघितली. ठीक आहे. म्हणजे रिपोर्ट पोचला असणार, असं समजून त्याने पुढची नळी घेतली. वॉर्डातल्या सिस्टरने खिडकी बघितली. ठीक आहे. म्हणजे तपासणीच अजून झाली नसणार. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिने पडद्याकडे बोट केलं. मी माझ्या टेबलावरून बघितलं. मलाही ठीकच दिसलं. सगळे आपापल्या जागी काम करत होते आणि कुणीही कामचुकारपणा केला नाही, हे मी चौकशीतही सांगितलं.

सिद्रामप्पा दाराशी, गंगव्वाच्या खाटेच्या पायथ्याला बसले होते. तिथून पडदा समोर दिसायचा. त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं की त्यातलं "ठीक आहे" अर्धंच असतं, उरलेलं अर्धं ते स्वतः पायांनी नेऊन पोचवतात. तरी ते तिकडे बघून बायकोला धीर देत होते. हे पुढचं मला सिस्टरने सांगितलं.

साडेबाराला गंगव्वा म्हणाली, "हातापायात मुंग्या आल्यागत हुतंय."

"रिपोर्ट यीऊ दे की. यंत्र बरं हाय, बग तितं लिवलंय."

"यंत्राचं ऱ्हाऊ द्या. मला बरं न्हाय. छातीत धडधड चुकाय लागली." आणि नवऱ्याने उठायची वाट न बघता तिने स्वतः सिस्टरला हाक मारली.

सिस्टरने छातीला तारा लावल्या. कागदावरची रेघ बघून डॉक्टर धावत आले. कुणीतरी जिन्याने लॅबमध्ये पळालं आणि तो आकडा हातावर पेनाने लिहून आणला. इंजेक्शनं दिली, तिला खाटेसकट डायलिसिसला नेलं. मी वर पोचले तेव्हा वॉर्डात तिच्या खाटेची रिकामी जागा होती आणि सिद्रामप्पा त्या जागेच्या पायथ्याला तसेच बसून होते. पडदा अजूनही ठीक आहे म्हणत होता. मी स्टूल घेऊन त्याचं बटण बंद केलं.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, वाचली.

दुसऱ्या दिवशी सिद्रामप्पा माझ्यापुढे उभे राहिले. हातात अर्ज होता. मशीन रूमच्या फोनवर न उचललेले तेवीस कॉल दिसत होते, ते त्यांनी मोजले होते. अर्जात एकच वाक्य होतं: मी जागेवर नव्हतो. मी तो घेऊन खणात टाकला. म्हणाले, "मॅडम, चूक माजीच हाय. फोन वाजत व्हता आन् मी पडद्याकडं बगत बसलो."

साहेबांचंही तेच मत निघालं. मला बोलावून म्हणाले, "अहवाल लिहा. अटेंडंट जागेवर नव्हता, एवढं पुरे. बैठकीचा उल्लेख नको." माझी निवृत्ती चार वर्षांवर होती. आता जे सांगते ते घरीही फारसं कुणाला सांगितलेलं नाही. मी तो अहवाल तसाच लिहिला. टाइप केला, प्रिंट काढली आणि सहीला पेन शोधत असताना वाटलं, आधी गंगव्वाला बघून यावं.

ती उशीला टेकून बसली होती. मी विचारलं, कसं वाटतंय. म्हणाली, "कालच्यापरीस बरं. पण उजवा खांदा धरलाय, पहाटे चारपासनं." मग माझ्या हातातल्या कागदाकडे न बघता म्हणाली, "बाई, तुमची ती खिडकी लई आमच्या मालकावानी हाय. कवाबी इचारा, बरं हाय म्हनती. चाळीस वरीस मी येक संभाळलाय. दुसरा कशाला आनला तुमी?"

मी पद्मशाली घरातली. माझे वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. ताण्यातला एक धागा तुटला की माग आपसूक थांबेल अशी त्यात सोय असते, आणि लहानपणी मला तो थांबला की राग यायचा, कारण आवाज बंद झाला की झोप मोडायची. वडील म्हणायचे, थांबतो म्हणून चादर होते, नाहीतर चाळण झाली असती. हे मी दहाव्या वर्षी ऐकलं होतं. चोपन्नाव्या वर्षी त्याच्या उलट यंत्र बांधलं आणि लोकांनी त्याचं कौतुक केलं.

मी गंगव्वाला सगळं सांगितलं. रिपोर्ट का आला नाही, फोन का वाजत होता, प्रोग्राम कुणी लिहिला आणि हातातल्या कागदावर काय लिहिलंय. मला लाज वाटत होती आणि ती लपली नसणार. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "मंग आता त्यास्नी बी सांगा. रात्रभर बसून ऱ्हायलाय मानूस."

मी खाली जाऊन सिद्रामप्पांना सांगितलं. ते यंत्राच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होते. मग म्हणाले, "तुमी लिवलं, मी चालवलं. दोघांचं हाय की." पण अहवालात दोघांचं लिहिता येत नाही. मी लिहिलं की प्रोग्राम माझा, हरकत मी घ्यायला हवी होती, अटेंडंटला वर बसायची परवानगी मी दिली होती. माझ्या फाइलला एक ठपका लागला. तो अजून तिथेच असेल.

नवी खिडकी मी आठवड्यात केली. तिच्यात वेळेशिवाय शब्द नाही. "प्रयोगशाळा : १०.४० पासून उत्तर नाही." पाच मिनिटांहून शिळं उत्तर आपोआप पुसलं जातं. पडदा कॉरिडॉरमधून काढून नर्सेसच्या खोलीत लावला. मेट्रनबाई म्हणाल्या, फार रोखठोक झालं हो हे. पण महिन्याभरात त्यांनाही सवय झाली. सिद्रामप्पा वर जाऊन सांगायचे ते सांगतच राहिले, फक्त "घाबरायचं काम न्हाई" गाळलं.

आमच्या दोघांत मात्र एक खोड जडली. मी विचारायचं, बरं आहे का? ते म्हणायचे, "बरं हाय." मी म्हणायचं, कधीपासून? मग ते खरं सांगायचे. आम्ही दोघं थोड्या अंतराने निवृत्त झालो तरी ती सुटली नाही. दर सोमवारी सकाळी दहाला त्यांचा फोन यायचा. माझा गुडघा मंगळवारपासून, त्यांचं पित्त कालपासून, गंगव्वाच्या पायाची सूज परवापासून. दोन मिनिटांत संपायचं. माझी मुलगी म्हणायची, तुमच्या गप्पा म्हणजे हजेरीच. गंगव्वा मागून ओरडून दुरुस्ती करायची, "परवापासनं न्हाय, रविवारपासनं."

ती त्यानंतर सहा वर्षं होती.

गेल्या श्रावणात एका गुरुवारी सकाळी मी दूध तापत ठेवलं होतं तेव्हा फोन वाजला. नाव त्यांचं होतं, वार त्यांचा नव्हता. मी "हॅलो" म्हणायच्या आत ते बोलले.

"मॅडम, गंगव्वा गेली. सा वाजून वीस मिन्टांनी."

"पोराला कळवलं?"

"आता करतो. पुण्यासनं यायला पाच तास लागत्यात. त्यालाबी हेच सांगनार हाय. तब्येत नरम हाय, असलं न्हाय सांगनार. तिला चाललं नसतं."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा तेवीस झाले होते.

"निघते," मी म्हणाले, आणि गॅस बंद केला.